गुग्गुळाची कसोटी

‘कोलेस्टेरॉल’ हा शब्द आता आपल्या घरांत परका राहिलेला नाही. आजाऱ्यांना ख्रिस्तप्रसाद देण्यासाठी धर्मग्रामात फिरताना ते सहज ध्यानात येते. उशाजवळच्या मेजावर जपमाळ, जपमाळेशेजारी गोळ्यांची पाकिटे, आणि पुष्कळदा त्यांच्याही शेजारी कसल्या तरी पाल्याच्या रसाची बाटली. कुणी शेवग्याचा पाला घेतो, कुणी कढीलिंबाचा, कुणी बेलाचा. “फादर, पाल्याने खरंच उतरतं का हो?” हा प्रश्न मला अनेक घरांत विचारला गेला आहे. मी वैद्य नव्हे. औषध सांगण्याचा मला अधिकार नाही. परंतु या प्रश्नामागे मोठा इतिहास आहे आणि त्यातील सर्वांत बोलके प्रकरण आपल्याच देशात घडले. ते पाल्याचे नसून एका काटेरी झुडपाच्या डिंकाचे, म्हणजे गुग्गुळाचे आहे. पाल्याच्या अर्काची परीक्षा ज्या रीतीने होते त्याच रीतीने गुग्गुळाची झाली. मात्र ती जितक्या दूरवर नेली गेली तितकी फारच थोड्या वनस्पतींची नेली जाते. म्हणून ते प्रकरण येथे थोडे विस्ताराने मांडतो.

प्रथम त्या पदार्थाविषयी. अठराव्या शतकात फ्रेंच रसायनज्ञांना पित्ताशयातील खड्यांत एक मेणचट पांढरा पदार्थ आढळला. शेव्रल या रसायनज्ञाने १८१५ च्या सुमारास त्याचे नामकरण केले. ग्रीक भाषेत ‘खोले’ म्हणजे पित्त आणि ‘स्तेरेओस’ म्हणजे घट्ट. पुढे शंभर वर्षे हा पदार्थ रसायनशास्त्राच्या पुस्तकांतच राहिला. १९१० साली विंडाउस या जर्मन शास्त्रज्ञाने मृत माणसांच्या रोगट महाधमन्या तपासल्या, तेव्हा त्यांच्यावरील थरांत निरोगी धमनीच्या वीसपट आणि त्याहूनही अधिक कोलेस्टेरॉल भरले. १९१३ साली सेंट पीटर्सबर्ग येथे निकोलाय आनिच्कोव्ह आणि सेम्योन खालातोव्ह या दोघांनी शुद्ध कोलेस्टेरॉल सूर्यफुलाच्या तेलात विरघळवून सशांना खाऊ घातले. काही आठवड्यांतच त्या सशांच्या धमन्यांत माणसाच्या रोगासारखे थर साचले. तोच खुराक उंदरांना दिला तर तसे होत नसे.

सशाला जे होते ते उंदराला होत नाही, ही गोष्ट वाचकांनी ध्यानात ठेवावी. पुढे तिची गरज पडणार आहे.

आनिच्कोव्हच्या सशांनी संशोधकांना एक यंत्रच हाती दिले. प्राण्याला स्निग्ध खुराक देऊन त्याच्या रक्तातील कोलेस्टेरॉल वाढवावे, काही प्राण्यांना वनस्पतीचा अर्क द्यावा, काहींना देऊ नये, आणि मग दोहोंचे रक्त ताडून पाहावे. आजही आपल्याकडच्या औषधनिर्माणशास्त्राच्या महाविद्यालयांत हेच चालते. पाला गोळा करतात, वनस्पतिशास्त्रज्ञाकडून त्याची ओळख पक्की करून घेतात, सावलीत वाळवतात, भरड दळतात, पाण्यात अथवा अल्कोहोलमध्ये त्याचा अर्क उतरवतात आणि आटवतात. उंदरांचे गट पाडतात: एक साध्या खुराकावर, एक नुसत्या स्निग्ध खुराकावर, एक स्निग्ध खुराकासोबत अर्कावर, आणि एक ज्याचा गुण आधीच सिद्ध आहे अशा औषधावर. ठरलेल्या मुदतीनंतर रक्त तपासतात. आपल्या परसातल्या शेवग्याच्या पानांची अशी परीक्षा नायजेरियातील संशोधकांनी २००० साली प्रसिद्ध केली. स्निग्ध खुराकावरच्या उंदरांत पानांच्या अर्काने रक्तातील कोलेस्टेरॉल सुमारे १४ टक्के उतरले होते. असे निष्कर्ष वर्तमानपत्रांच्या आरोग्यविषयक सदरांतून आपल्यापर्यंत पोहोचतात, आणि वाटेत कुठेतरी ‘उंदीर’ हा शब्द गळून पडतो.

आता गुग्गुळाकडे वळू. कच्छ, सौराष्ट्र, राजस्थान आणि सिंध येथील खडकाळ, कोरड्या जमिनीत हे झुडूप वाढते. अंगावर काटे, वर्षाचा बराच काळ पाने नसलेले. पाहणाऱ्याला वाळलेलेच वाटावे. शास्त्रीय नाव कॉमिफोरा वाइटाय. जुन्या ग्रंथांत कॉमिफोरा मुकुल. ज्ञानी राजांनी बाळ येशूपुढे ठेवलेला गंधरस याच कुळातील दुसऱ्या झाडाचा. खोडाला चीर दिली की त्यातून पिवळसर चीक पाझरतो आणि वाळून त्याचे खडे होतात. ग्रीक-रोमन जगात या जातीच्या राळेला ‘डेल्लिऑन’ म्हणत. इसवी सनाच्या पहिल्या शतकातील ‘पेरिप्लस’ या ग्रीक प्रवासवर्णनात सिंधूच्या मुखावरील बार्बारिकॉन आणि आपले भडोच या बंदरांतून ती निर्यात होत असल्याची नोंद आहे. उत्पत्तीच्या पुस्तकात (२:१२) हवीला देशातील सोन्याच्या जोडीला ‘बदोलह’ नावाचा पदार्थ सांगितला आहे आणि गणनेच्या पुस्तकात (११:७) मान्न्याच्या रूपाला त्याचीच उपमा दिली आहे. संत जेरोमने त्याचे लॅटिन भाषांतर ‘डेल्लियम’ असेच केले. तो पदार्थ राळ की मोती की एखादे रत्न, याविषयी पंडितांत एकमत नाही आणि या लेखापुरती त्याची आवश्यकताही नाही. एवढे खरे की हा डिंक फार प्राचीन काळापासून माणसाच्या ओळखीचा आहे.

आयुर्वेदात तो धुपापुरता नव्हता. सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानात पंधराव्या अध्यायात स्थूलतेचे वर्णन येते. कफ वाढवणारा आहार, दिवसाची झोप आणि व्यायामाचा अभाव यांमुळे मेद अतोनात वाढतो, शरीरातील वाहिन्या त्याने अडतात, इतर धातूंना पोषण मिळत नाही आणि माणूस अल्पायुषी होतो, असे ग्रंथकार सांगतो. उपायांच्या यादीत शिलाजित, गोमूत्र, त्रिफळा, मध, जव, मूग आणि व्यायाम यांच्या पंक्तीला गुग्गुळ आहे. सोळाव्या शतकातील ‘भावप्रकाश’ तर आणखी एक बारकावा नोंदवतो: नवा गुग्गुळ शरीर पुष्ट करतो, खरवडून काढण्याचा गुण जुन्या गुग्गुळात असतो.

हे वर्णन वाचून १९६० च्या दशकात बनारस हिंदू विद्यापीठात संशोधन करणाऱ्या डॉ. जी. व्ही. सत्यवती यांना आधुनिक वैद्यकातील धमनीकाठिण्याची आठवण झाली. मेद वाढणे, वाहिन्या अडणे, आयुष्य घटणे: हा क्रम ओळखीचा होता. मेद म्हणजे कोलेस्टेरॉल असे समीकरण मांडून त्या थांबल्या असत्या तर आपल्या पूर्वजांना सर्व काही ठाऊक होते असे सांगणारा आणखी एक लेख तेवढा जन्माला आला असता. असे लेख आपल्याकडे उदंड आहेत. सत्यवतींनी तसे केले नाही. ग्रंथातील वचन त्यांनी एक सूचना म्हणून स्वीकारले आणि ससे मागवले. कोलेस्टेरॉल खाऊ घातलेल्या सशांपैकी ज्यांना गुग्गुळ दिला त्यांच्या रक्तातील कोलेस्टेरॉल उतरले, आणि त्यांच्या धमन्याही बऱ्याच प्रमाणात सुरक्षित राहिल्या. १९६६ साली हा प्रबंध पूर्ण झाला, सी. द्वारकानाथ आणि एस. एन. त्रिपाठी यांच्यासह लिहिलेला त्यांचा शोधनिबंध १९६९ साली ‘इंडियन जर्नल ऑफ मेडिकल रिसर्च’मध्ये आला. याच सत्यवती पुढे १९९० च्या दशकात भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या पहिल्या महिला महासंचालक झाल्या.

पुढची पायरी रसायनशास्त्राची होती. डिंकात शेकडो द्रव्ये; त्यांतले गुणकारी कोणते? पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत दीर्घकाळ काम केलेले सुखदेव आणि त्यांचे सहकारी पाटील व नायक यांनी १९७२ साली गुग्गुळातील स्टेरॉइड गटातील द्रव्यांचा तपशील प्रसिद्ध केला. त्यांतील ‘गुग्गुलस्टेरॉन’ची दोन रूपे पुढच्या साऱ्या संशोधनाच्या केंद्रस्थानी राहिली. लखनौच्या केंद्रीय औषध संशोधन संस्थेने डिंकातील दाहक भाग वगळून इथिल ॲसिटेटमध्ये विरघळणारा भाग घेतला आणि त्यापासून ‘गुगुलिपिड’ हे औषध सिद्ध केले. वैद्य लोक गुग्गुळ त्रिफळ्याच्या काढ्यात वा गोमूत्रात शिजवून ‘शुद्ध’ करून घेत, त्यामागचा हेतूही बराचसा हाच असावा, असे मला वाटते.

त्यानंतर माणसांवरील चाचण्या आल्या. मुंबई, नागपूर, बंगळूर, दिल्ली, जयपूर, लखनौ आणि वाराणसी या सात ठिकाणी त्या झाल्या आणि १९८९ साली त्यांचा वृत्तान्त प्रसिद्ध झाला. पहिल्या चाचणीत २०५ रुग्णांना आठ आठवडे पथ्य आणि औषधविरहित गोळी दिली, आणि मग बारा आठवडे ५०० मिलिग्रॅम गुगुलिपिड दिवसातून तीन वेळा. ही खुली चाचणी होती. आपण काय घेतो आहोत हे रुग्णांनाही ठाऊक आणि डॉक्टरांनाही. कोलेस्टेरॉल सरासरी २३.६ टक्के उतरले. दुसऱ्या चाचणीत एका गटाला गुगुलिपिड आणि दुसऱ्याला क्लोफायब्रेट हे पाश्चात्त्य औषध देऊन नंतर अदलाबदल केली, आणि कोणत्या वेळी कोणते औषध चालू आहे हे रुग्णांपासून व डॉक्टरांपासून लपवून ठेवले. आता सरासरी घट भरली ११ टक्के, आणि क्लोफायब्रेटची १०.

मला या संपूर्ण इतिहासातील हे स्थळ सर्वांत महत्त्वाचे वाटते. औषध तेच, देशही तोच. पण डोळ्यांवर पट्टी बांधताच निम्म्याहून अधिक गुण मावळला. यात कुणी लबाडी केली असे मुळीच नव्हे. औषध चालू झाले की माणूस नकळत पथ्य अधिक काटेकोर पाळतो, वेळेवर झोपतो, तुपाचा हात आखडता घेतो. शिवाय ज्याचे कोलेस्टेरॉल पहिल्या तपासणीत फार वर गेलेले असते, त्याचे दुसऱ्या तपासणीत काहीसे खाली येण्याचाच संभव अधिक. जर्मनीत आर्टिचोक नावाच्या भाजीच्या पानांचा अर्क १४३ रुग्णांवर तपासला गेला आणि २००० साली त्याचे निष्कर्ष आले. सहा आठवड्यांत अर्क घेणाऱ्यांचे एकूण कोलेस्टेरॉल १८.५ टक्के उतरले. परंतु ज्यांना नुसती रिकामी गोळी दिली होती त्यांचेही ८.६ टक्के उतरले! शेजारी दुसरा गट नसता तर ते श्रेयसुद्धा पाल्याच्याच पदरात पडले असते. पुढे २००८ साली इंग्लंडमध्ये ७५ जणांवर बारा आठवडे याच पानांचा अर्क तपासला, तेव्हा घट अवघी ४.२ टक्के भरली.

आणखी एक गोष्ट. ज्या क्लोफायब्रेटशी गुगुलिपिडची तुलना झाली त्याची स्वतःची कथा विषण्ण करणारी आहे. एडिंबरो, बुडापेस्ट आणि प्राग येथे हजारो पुरुषांवर जागतिक आरोग्य संघटनेच्या वतीने त्याची प्रदीर्घ चाचणी झाली होती. १९७८ साली निष्कर्ष आले: कोलेस्टेरॉल उतरले, प्राणघातक नसलेले हृदयविकाराचे झटकेही कमी झाले, पण औषध घेणाऱ्यांत एकूण मृत्यू अधिक झाले. कागदावरचा आकडा खाली येणे आणि माणूस वाचणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत, हे त्या चाचणीने वैद्यकाला शिकवले. गुग्गुळाने झटका टळतो का, आयुष्य वाढते का, ही परीक्षा मात्र तेवढ्या मोठ्या प्रमाणावर कधी झाली नाही.

याच काळात जपानमध्ये अकिरा एंडो नावाचा शेतकरी कुटुंबातील एक शास्त्रज्ञ बुरशींच्या मागे लागला होता. १९७१ पासून त्याने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी सुमारे सहा हजार सूक्ष्मजीवांचे अर्क तपासले. यकृतात कोलेस्टेरॉल तयार होण्याची प्रक्रिया रोखणारे द्रव्य त्यांना १९७३ साली एका निळसर-हिरव्या बुरशीत सापडले. ते उंदरांना दिले, तर उंदरांच्या रक्तातील कोलेस्टेरॉल हलेना. नियमाप्रमाणे तेथेच त्या द्रव्याची फाइल बंद व्हायची. एंडोने ते अंडी देणाऱ्या कोंबड्यांना देऊन पाहिले आणि तेथे ते लागू पडले, पुढे कुत्र्यांतही. याच जातीचे लोव्हास्टॅटिन हे औषध १९८७ साली अमेरिकेत मान्य झाले. गुगुलिपिड आपल्याकडे बाजारात आले तेही १९८० च्या दशकाच्या त्याच अखेरच्या वर्षांत. पुढे १९९४ साली स्कँडिनेव्हियातील ४४४४ हृदयरुग्णांवरील चाचणीत सिम्व्हास्टॅटिन या भावंड औषधाने एकूण मृत्यू ३० टक्के कमी केल्याचे दिसले. आपल्या उशाजवळच्या पाकिटांत आज बहुधा याच कुळातील गोळी असते. तीही मुळात निसर्गातलीच, बुरशीच्या अर्कातून निघालेली, हे पुष्कळांना ठाऊक नसते. तेव्हा ‘गोळी कृत्रिम, पाला नैसर्गिक’ ही विभागणी मला फारशी उपयोगाची वाटत नाही. तपासलेले आणि न तपासलेले ही विभागणी अधिक खरी.

पुन्हा गुग्गुळ. २००२ साली अमेरिकेतील ह्यूस्टन येथील संशोधकांनी ‘सायन्स’ या नियतकालिकात गुग्गुलस्टेरॉनचे कार्य उलगडून दाखवले. यकृत कोलेस्टेरॉलपासून पित्ताम्ले तयार करते. पित्ताम्ले पुरेशी झाली की पेशीतील एक ग्राहक ‘आता पुरे’ असा निरोप देतो. गुग्गुलस्टेरॉन तो निरोप अडवते. कोलेस्टेरॉल खाऊ घातलेल्या साध्या उंदरांच्या यकृतातील साठा त्याने घटला. ज्या उंदरांत तो ग्राहकच नव्हता त्यांच्यात काहीच घडले नाही. सुश्रुताच्या वचनाला पेशीच्या गाभ्यातून पुष्टी मिळाली असे अनेकांना वाटले असल्यास नवल नाही.

एकच वर्ष लोटले. ऑगस्ट २००३ मध्ये फिलाडेल्फियाच्या पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातील चाचणीचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. कोलेस्टेरॉल वाढलेल्या १०३ माणसांचे तीन गट केले होते. आठ आठवडे एका गटाला रिकामी गोळी, दुसऱ्याला १००० मिलिग्रॅम गुगुलिपिड दिवसातून तीनदा, तिसऱ्याला त्याच्या दुप्पट. धमनीत साचणारे, म्हणजे एल.डी.एल. जातीचे कोलेस्टेरॉल रिकाम्या गोळीच्या गटात ५ टक्के उतरले. गुगुलिपिडच्या गटांत ते अनुक्रमे ४ आणि ५ टक्क्यांनी चढले. गुगुलिपिड घेणाऱ्यांपैकी सहा जणांच्या अंगावर पुरळ उठले. २००९ साली नॉर्वेतून ४३ जणांवरील एक चाचणी आली: एकूण कोलेस्टेरॉल किंचित उतरले, पण उपकारक मानले जाणारे एच.डी.एल.सुद्धा त्याबरोबर उतरले आणि एल.डी.एल.मध्ये दखल घेण्याजोगा फरक पडला नाही.

मग भारतीय चाचण्या खोट्या ठरल्या काय? मला तसे म्हणवत नाही. मात्रा निराळी होती, माणसे निराळी, त्यांच्या ताटातले अन्न निराळे. परंतु फिलाडेल्फियाची चाचणी ज्या शिस्तीने, रिकाम्या गोळीच्या गटासह झाली तशीच चाचणी आपल्या माणसांवर, आपल्या आहारावर मोठ्या संख्येने करणे हे त्यावरचे खरे उत्तर होते. ‘आमच्या शास्त्राला परक्यांनी हिणवले’ असे म्हणून रुसणे हे उत्तर नव्हे. सत्यवती सुश्रुतावर रुसल्या नाहीत आणि त्याला शरणही गेल्या नाहीत. त्यांनी त्याला प्रयोगशाळेत नेले. त्यांच्या मार्गाने चालायचे तर प्रतिकूल निकालही तितक्याच आदराने वाचावा लागतो.

घरगुती उपयोगाची एक नोंद येथे करून ठेवतो, कारण ती कुणाच्या तरी जिवाशी निगडित आहे. मुंबईतील संशोधकांनी १९९४ साली निरोगी स्वयंसेवकांवर दाखवले की गुगुलिपिडसोबत घेतल्यास प्रोप्रॅनोलॉल आणि डिल्टियाझेम या हृदयाच्या व रक्तदाबाच्या औषधांचे रक्तातील प्रमाण बरेच घटते. म्हणजे डिंकाने कोलेस्टेरॉल उतरो वा न उतरो, तो शेजारच्या गोळीचे बळ मात्र काढून घेऊ शकतो. बाटलीविषयी डॉक्टरांना सांगायला आपली माणसे संकोचतात. त्यांनी संकोचू नये.

या साऱ्या परीक्षांचा भार शेवटी त्या झुडपावर पडला. मागणी वाढली आणि डिंक रानातूनच यायचा. पूर्वीचा डिंक काढणारा हलकी चीर देई आणि झुडपाला मधून विसावा देई. नंतर चीरेत इथेफॉन हे रसायन घालण्याची पद्धत रूढ झाली. त्याने चीक अनेक पटींनी वाहतो, आणि असे वाहिलेले झुडूप पुष्कळदा वाळून जाते. आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघाने आता या झुडपाची गणना अतिसंकटग्रस्त जातींत केली आहे. ज्या फिलाडेल्फियात त्याचा गुण दिसला नाही त्या गावाची बातमी कच्छच्या माळावर पोहोचलेली नाही. तेथे अजूनही किलोचा भाव चालतो आणि डिंक काढणारा गरीब माणूस त्यावर जगतो. बियांपासून रोपे फार थोडी होतात. फांदीचा तुकडा पावसाआधी जमिनीत रोवला तर तो मूळ धरतो. चीर देण्याजोगा व्हायला मात्र त्याला आठ-दहा वर्षे लागतात.